इंद्रजीतसाहेबांच्या नावाची झांज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय कारभारीनाना, ज्यांच्यासाठी हे हारतुरे आणले ते आपल्या कॉलनीच्या उत्सव समितीचे मावळते सचिव माननीय इंद्रजीतसाहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, समोर बसलेले बंधू-भगिनी, आणि मागच्या रांगेत मुद्दाम बसवलेल्या माझ्या महिला झांज पथकातल्या बायांनो, सगळ्यांना मालनबाईचा नमस्कार.

सूत्रसंचालन करणारे सोमनाथभाऊ म्हणाले, पथकाच्या वतीनं दोन शब्द बोला. साहेबांचं कार्य दोन शब्दांत मावेल एवढं लहान नाही, हे ते विसरले असावेत. माझ्याआधीच्या वक्त्यांनी साहेबांची शिस्त सांगितली, टापटीप सांगितली. मंडपातल्या खुर्च्या, पातेली, पाण्याची पिंपं, जे दिसेल त्यावर साहेबांनी नाव कसं टाकून घेतलं, तेही कौतुकानं सांगितलं. त्यात वावगं काय? आपल्याकडं लग्नातल्या ताटावरसुद्धा मामाचं नाव असतंच. पण ताटातून आवाज काढायचा नसतो.

साहेब उद्या मुलाकडं पुण्याला कायमचे निघाले. म्हणून आज बोलणं भाग आहे.

गेल्या वर्षी गणपतीआधी पथकाला झांजा घ्यायच्या होत्या. साहेबांना गुलमंडीच्या बाजारातल्या मशीनच्या झांजा आवडल्या होत्या. लई चकाकत होत्या, तोंड बघून घ्यावं अशा. मी म्हटलं, गंगापूरच्या बन्सीभाऊंकडं चला, हातानं ठोकलेल्या मिळतात, आणि स्वस्त. साहेब म्हणाले, "मालनबाई, स्वस्त वस्तू स्वस्त का असते याचा कधी विचार केलाय का?" केलाय ना. बन्सीभाऊंना दुकान नाही, पेटी नाही, वर मखमल नाही. घरामागं भट्टी आहे आणि तोंडात शिवी आहे. दोन्हीचं भाडं पडत नाही.

तिथं साहेबांनी झांज कशी पारखली, तुम्ही बघायला पाहिजे होतं. आधी तळहातावर तोलली. मग उन्हात धरून डाग शोधले. मग मुठीत गच्च धरून वरून टिचकी मारली. बन्सीभाऊ म्हणाले, "टरबूज घ्यायला आले व्हय साहेब? दोरीला धरा." साहेबांना तो अपमान वाटला. मला वाटतं, पुढचं सगळं त्या टरबुजातूनच उगवलं.

झांज दोरीला धरून लोंबती ठेवायची, काठाला काठ हलकेच लावायचा आणि आपण गप बसायचं. चांगल्या काशाचा आवाज थरथरत जातो, आणि संपला असं वाटतं तेव्हा झांज कानाशी नेली तर तो तिथंच असतो. जोडीतली एक दुसरीपेक्षा किंचित वेगळी बोलते. ती थरथर त्या फरकातूनच येते. हे मला माहेरच्या भजनी मंडळात कळलं, कुणी पदवी दिली नाही. साहेबांना मात्र फरक तेवढाच दिसला. "दोन्ही सारख्या नाहीत, माल खोटा आहे." शेवटी कारभारीनानांनी मध्यस्थी केली म्हणून आपण त्या घेतल्या.

त्या गणपतीत आम्ही वाजवलं ते तुम्ही ऐकलंय. टी.व्ही. सेंटरच्या चौकात पलीकडच्या मंडळानं स्वतःचा डीजे बंद करून आमचं ऐकलं. असा मान या शहरात कुणाला मिळतो?

मग साहेबांनी काय करावं? "आता ही समितीची मालमत्ता," म्हणून झांजा आम्हाला न विचारता बाजारात नेल्या आणि छिन्नीनं नाव टाकून आणलं. अहो, कांसं म्हणजे पितळ नव्हे. ते थंड असताना काचेच्या स्वभावाचं असतं. बरं, नुसतं समितीचं नाव टाकलं असतं तर घाव कमी बसले असते. साहेबांनी स्वतःचं नाव पदासकट, 'यांच्या अथक प्रयत्नांतून' असं टाकलं. जेवढी अक्षरं, तेवढे घाव.

शिवजयंतीला झांजा बद्द वाजल्या. बायांना रडू आलं. मलाही आलं. दुसऱ्या दिवशी फलकावर साहेबांची सूचना लागली की गंगापूरच्या बन्सींचा माल निकृष्ट आहे, इतर मंडळांनी सावध राहावं. ग्रुपवरही टाकली. बिडकीनच्या पथकानं मागणी मागं घेतली, वैजापूरच्यानं घेतली. बन्सीभाऊ माझ्या दारात येऊन भांडले. "फुटकी झांज मी दिली असती तर मीच वितळवली असती, बाई. माझ्या हाताला नाव ठिवता?" त्यांची भट्टी तेव्हापासून बंद आहे.

त्यांना द्यायचं उत्तर आमच्या पथकातल्या रूपाकडं होतं. रूपा बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा स्वतःचा जोड बरोबर घेऊन गेली होती. त्यामुळं तिच्या जोडावर कुणाचं नाव नाही. बन्सीभाऊंच्याच हातचा, त्याच वेळचा. सोमनाथभाऊ, आटपायची चिठ्ठी नंतर द्या, आधी माईक खाली धरा.

ऐका.

मागं येतंय का ऐकू? अजून येतंय ना? येऊ द्या, घाई नाही.

आणि ही नाव टाकलेली.

झालं. एवढंच.

साहेब, घड्याळ बघू नका, गाडी उद्याची आहे. जाण्याआधी या माईकवर एकच वाक्य बोला, की खोट मालात नव्हती. तुमच्यासाठी ते एक वाक्य आहे, त्या माणसाची भट्टी त्यावर पेटणार आहे. मान हलवताय ती होकाराची की नकाराची, मागच्यांना दिसत नाही.

बरं. राहू द्या.

फलकावरची ती सूचना आज सकाळी मीच फाडली. त्या जागी कारभारीनानांच्या सहीनं दुसरी लागली आहे, खोट छिन्नीची होती म्हणून. नाना, तुमचे उपकार. आणि फुटक्या झांजा मोडीत जाणार नाहीत, बन्सीभाऊंच्या भट्टीत जातील, साहेबांच्या नावासकट. बन्सीभाऊ तयार आहेत. त्यांची अट एकच आहे, "माझं नावबी टाकू नका."

एक झांज मात्र आम्ही भट्टीतून वाचवली. साहेब, पथकाकडून ही भेट. तडा नीट बघा, तुमच्या नावाच्या मधोमध गेलाय. वाजवायला तर तुम्हाला कधी नकोच होती, भिंतीला शोभेल.

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, आयोजकांनी माईक बंद केला नाही, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात चूकभूल झाली असेल तर पदरात घ्या. आणि कुठं लिहून ठेवायचीच झाली, तर तिच्यावर माझंच नाव टाका, दुसऱ्या कुणाचं टाकू नका.