मादनवाडी बीचवर मायचं वर्ष

—न्हाई न्हाई, चपला काढू नको अक्का. देऊळ हाय का हे? बीच हाय, बीच! पाय भाजतील, वैशाखातली वाळू हाय ती. आन् ती बेलाची पिशवी जरा पदराखाली धर, लोक बघून ऱ्हायलेत. मायचं वर्ष हाय म्हणून आलीस, चांगलं केलंस, लेकीचा हक्क हाय — पण रडायचं काम न्हाई. इथं लोक हसायला येतात, तिकीट काढून येतात. तुझ्याकडनं तिकिटाचं म्या काय घेतलं न्हाई, सख्ख्या बहिणीचं काय घ्यायचं.

तू लगीन होऊन देगलूरला गेलीस तवा काय होतं इथं, सांग बरं? धरण. जुनी मादनवाडी बुडाली आन् आपण सगळे वर माळावर, पत्र्याच्या घरात. कुत्रं इचारत नव्हतं आपल्या गावाला, पोरी देत नव्हते इथं. म्या बांधावर चहाची टपरी टाकली. लातूरचे लोक यायचे गाड्या घेऊन आन् नुसते पाण्याकडं बघत बसायचे. नुसते! एकाला इचारलं, काय बघता सायेब? तर म्हणला, आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, इतकं पाणी एका जागी बघून जिवाला बरं वाटतं. तवाच डोक्यात आलं माझ्या — ह्या लोकांना समुद्र पाहिजे. आन् लातूर-नांदेडला समुद्र कोण देणार? बसवंत देणार! हस की जरा. न्हाई? बरं.

मग पिंपं बांधून तराफा केला, मग मोटारबोट आली, मग भज्यांची गाडी, मग खोल्या. माझं बघून अर्ध्या गावानं लॉज काढले — कालपर्यंत शेण काढणारे आता 'चेकआउट दहाला' म्हणून गिऱ्हाइकाला दम देतात! उंट आणला म्या, उंट, उदगीर तालुक्यात. आन् माझा थोरला, रविकिरण, त्यानं मोबाइलवर टाकलं — मराठवाड्याचा गोवा. तवापासून रविवारी गाडी लावायला जागा न्हाई. कोकणातले लोक येऊन तोंडात बोटं घालून गेले... हाव, एकच जण आला होता. पण कोकणातला होता.

एक मायच तेवढी आडवी आली. तुला गोड वाटायची ती, तू लांब होतीस. फाटकात पाट टाकून बसायची आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची — बाबांनो, जपून पोहा, खाली आमची माणसं बसलेली हायत. आता, आपल्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात हे तुला-मला ठावं, लातूरच्या बाईला काय ठावं? ती इचारायची, बसलेली म्हणजे वो आजी? झालं! माय तिला समजावून सांगणार — मांडी घालून, हातात लिंग देऊन, माझा नवरा हितंच बुडाशी हाय. बाई पोराला उचलून परत गाडीत. किती गिऱ्हाइकं घालवली तिनं, किती! म्या पाया पडलो, मग ओरडलो, मग खोलीत कोंडली — हां, कोंडली, दर रविवारी. अशी बघू नको, जेवण देत होतो की.

आन् मेली तीबी भर उन्हाळ्यात, पाणी हटून जुना मसणवटा उघडा पडला तवाच. तिचं एकच — मला त्यांच्या शेजारी बसवा. म्या म्हणलं, वर माळावर नवीन जागा हाय, तिथं बसवू. तर तू सगळ्या भावकीत पदर पसरलास, माझी इज्जत काढलीस. म्हणलं ठीक हाय, बसवा. पावसाळ्यात पाणी चढलं, झाकून गेली, माझंबी समाधान झालं.

कुठं म्हणजे? इथंच की. त्या निळ्या छत्रीखाली... न्हाई, तिकडं, हॉलीबॉलची जाळी लावलीय ना, तिच्या अलीकडं. आता वाळू सगळी सारखीच दिसती, म्या काय खूण धरून बसू? ठेव बेल कुठंबी, देवाला काय नेमकी जागा लागती? अप्पाची, आपल्या बापाची, समाधी तेवढी हलवली म्या, स्वामी बोलावून, रीतसर, वर लॉनवर. मार्बल लावला, खाली 'संस्थापक' लिहिलं. पुढारी येतात, हार घालतात, फोटो निघतो. मायची? मायला कशाला लॉनवर? जितेपणी फाटकात बसली तेवढं बास झालं.

वाळू मात्र अस्सल हाय बरं का, गोदावरीची, नांदेडहून हायवा ट्रक भरभरून आणली. अशीच नुसती ओतून भागत न्हाई, आधी खालचा गाळ काढावा लागतो, न्हाईतर पहिल्या पाण्यात वाळू दबून जाती. यंदा पाणी लवकर हटलं म्हणून जमलं. काळा गाळ, लोण्यावानी, दोन पुरुष खोल काढला आपण—

काय झालं? दोन पुरुष म्हणजे... अंदाजानं म्हणलं म्या. तोंडात आलं ते बोललो. हो, माय एकच पुरुष खोल बसवली होती, मला काय ठावं न्हाई? सोड की हात. सोड म्हणतो!

बरं, ऐकायचंच हाय ना तुला? मग ऐक. भुजंगनं मशीन थांबवली होती, जेसीबीवाल्या भुजंगनं. खाली उतरला, हात जोडले, म्हणला, मालक, लुगडं दिसून ऱ्हायलंय. म्या वाकून बघितलं. ओळखलं की — तूच नेसवलेलं इरकली, लाल काठाचं. म्या म्हणलं, चालव. तो परत मशीनवर चढेना, तर शिव्या घातल्या, चालव म्हणलं ना! अक्षय तृतीयेचं बुकिंग फुल्ल झालं होतं, ते काय एका बाईपायी परत करू? अक्का, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं न्हाई. बरं वाटलं. लई दिवसांनी बरं वाटलं.

टाहो फोडू नको इथं! गाळ कुठं गेला? गाळ काय फेकून देतं का कुणी, ट्रॉलीसाठी भांडतात लोक. बाकीचा ह्यानं-त्यानं नेला, आन् त्या दिवशीचा तुझ्याकडं पाठवला. पाडव्याला तुझ्या रानात ट्रॅक्टर आले न्हाईत का? तूच फोन केलास, बसवंता, भाऊ असावा तर असा, हळदीचं रान काळंभोर झालं. दाजींनी नांगरूनबी घेतलं, तूच सांगितलंस. म्या काय बोललो न्हाई, इतकी खूश होतीस तू. भावकीत भांडून तुलाच पाहिजे होती ना माय? घे. सगळ्या रानात हाय. दरसाल इतक्या लांब यायचं कारणच न्हाई आता.

उठ. वाळूत काय बसतीस, उठ! न्हाई, तिकडून न्हाई — पुढं शाळेची बस लागलीया, लेकरं उतरून ऱ्हायलीत. मागच्या फाटकानं जा. तोंड पूस आन् जा.