भरल्या पोटाची भूक

—नाही सिस्टर, बसा हो, दवाखान्यातून आलात अन् उभ्या उभ्या काय चौकशी करताय! ‘तो बायकोला उपाशी...’ एवढंच ऐकलं मी जिन्यात, अन् मला बघून बोलणाऱ्या दोघी गप्प. आता अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेला कण — चैन पडते का? नाही पडत. म्हणून वाटीभर साखरेच्या निमित्तानं गेले शेजारच्या वहिनींकडे, तर स्वयंपाकघराला हे एवढं कुलूप! भावजी घड्याळं दुरुस्त करतात ना — किल्ली गळ्यात घालून दुकानात. वहिनी म्हणाल्या, “ताई, पोटात आग पडलीय, काहीतरी द्या.” मग माणसानं काय करावं? — म्हणजे कुणीही, मी आपलं म्हणतेय, मी कुठं काय केलं.

काय म्हणालात? वहिनींच्या डोक्यातली गाठ काढली तेव्हापासून ही भूक? — सावकाश सांगा, माझी शाळा सातवीपर्यंत. जेवलं की आतड्यातून, चरबीतून रसायनं निघतात, रक्तातून वर जातात, ‘पुरे’ सांगायला — बरं. अन् मेंदूत ती झेलणारी जागाच गाठीबरोबर गेली? म्हणजे निरोप्या दारात उभा अन् घरात ऐकणारं कुणी नाही! अगं बाई. पण भूक खोटी नाही ना? खरीच लागते? पोट भरलेलं अन् भूक खरी — वैऱ्यावर येऊ नये.

अकरा किलो वाढल्या? कुलूप असून? अन् भावजींना वाटतं वहिनीच कुलूप उघडतात, म्हणून सोमवारी कुठल्या संस्थेत नेऊन ठेवणार — नका हो, झुरून जाईल ती — अहो, कुलपाला हात नाही लावला तिनं! माझ्या सज्जातून... पाव, उकडलेले बटाटे, कधी केळी. रोज. दोनदा. ती नको म्हणाली एकदा, रडली, मीच म्हटलं, “घ्या हो, कुणाला कळतंय!” माझी मुलं परगावी, सिस्टर, माझ्या हातचं इतक्या गोडीनं कुणी खाल्लं नव्हतं किती वर्षांत... ते असू दे. अन् ती निनावी तक्रार — अक्षर नका ताडून बघू. मीच.

लिहा. कुलूप खरं, उपास खोटा. भावजी दुकानातून येऊन-जाऊन दिवसातून पाच वेळा मोजून जेवू घालतात. माझं नाव? घाला. पण कागद लगेच दाखवू नका त्यांना, आधी मी दुकानात जाऊन तोंडानं सांगते. निघा आता. — अन् सिस्टर, सज्जाच्या दाराची कडी तेवढी तुम्ही घाला. ती तिकडं उभी असेल, माझ्या हातून नाही व्हायचं.

घातली?

या मग.