लाल रिबनवाल्या गाई

तुम्ही म्हणता मी सगळ्यांची वाट लावतो. पण यात माझी चूक काय, सांगा ना यार.

माझी ताई गुरांची डॉक्टर होतेय. गाईंची सुजलेली कास अँटिबायोटिकशिवाय बरी होते का, हा तिचा थीसिस. मरोळच्या पास्कल अंकलच्या तबेल्यात अशा बारा गाई होत्या. लाल रिबनवाल्या सहांना कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप. निळ्या रिबनवाल्या सहांची कास नुसती धुवायची. मी फक्त लेपाचे डबे पोहोचवायचो.

दहाव्या दिवशी ताईसोबत आत गेलो, तर बाराही गाईंच्या गळ्यात लाल रिबन. ताईने एकेकीचा गळा चाचपला.

"अंकल, निळ्या कुठायत?"

"सोडल्या. एकीला मालीश आणि बाजूची नुसती बघत राहणार? माझ्याने नाय बघवलं. सगळ्यांना लावला लेप."

ताईने सगळ्यांचं दूध तपासलं. एकदम साफ.

"बऱ्या झाल्या ना? मग रडतेस कशाला?"

"अहो अंकल, लेपाने बऱ्या झाल्या की आपोआप, कसं सांगू? आता बिनलेपाच्या गाई कुठून आणू? वर्ष गेलं माझं!"

अंकल विचारात पडले. "बाजूच्या तबेल्यात पण सहा जणींची कास सुजलीये बघ."

ताईने डोळे पुसले. "त्यांना काही लावलं नाही ना?"

"लावलं ना! मीच फोन करून डबा मागवला. परवा तुझा भाऊच त्यांना देऊन गेला."

ताई हळूहळू माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "रिबनी पण दिल्यात. लाल."