चिन्नीच्या हातचं पाणी

गोजरबाई : मंग मल्लक्का ओट्यावरच काऊन बसली म्हंते मी? आत ये म्हना तिले. ऊन केवढं पडून राह्यलं.

चिंतामण : दोनदा सांगितलं, बाई. इथून रस्ता दिसतो म्हणते. शाळा सुटली की तिची चिन्नी, आपली शारदा, याच रस्त्यानं येईल.

गोजरबाई : पानी तं घे म्हना. तांब्या भरून नेला तं नुसते हात जोडते.

चिंतामण : पोरीच्या हातचंच घेईन म्हणते. खामगाव सोडल्यापासून तोंडात थेंब नाही. चार दिवस झाले आम्हाला निघून. सिरोंच्याहून चांद्यापर्यंत जंगलाचा रस्ता, मग वर्धा, मग जलंब, मग खामगाव, आणि शेवटी उंद्रीपर्यंत ती धुळीची मोटर. साऱ्या वाटेनं मल्लक्का मला एकच विचारत होती. ओळखेल ना मला?

गोजरबाई : तू काय सांगतलं?

चिंतामण : काय सांगणार? म्हटलं, तिची आई गेली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. मी जंगलखात्याचा कारकून, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. तूच तिला अंगाखांद्यावर वाढवलीस. आई म्हणून तिनं तुलाच हाक मारली. एका वर्षात विसरते का पोर? डोळ्यांत पडदे यायला लागलेत हो तिच्या. दिसतंय तोवर एकदा पाहू दे, एकदा अम्मा म्हणू दे म्हणाली. मला नाही म्हणवेना. ... बाई, उठलीस का?

गोजरबाई : पोरगी येईन आता. माठ भरून ठेवतो.

चिंतामण : शारदाचं सगळं ठीक आहे ना? वैजनाथ मास्तरांचं पत्र होतं, शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांपुढे सगळा धडा वाचला म्हणून.

गोजरबाई : हाव. एका दमात वाचला. साहेबानं पाठ थोपटली. म्या मारोतीपाशी नारळ फोडला त्या दिवशी.

चिंतामण : इथं आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. कसं जमवलंस तू?

गोजरबाई : म्या नाई जमवलं. मास्तरानं जमवलं. मी फक्त दगड झाली.

चिंतामण : म्हणजे?

गोजरबाई : सांगतो म्हनलं तं तुले ऐकवनार नाई.

चिंतामण : सांग.

गोजरबाई : शायेत टाकली तवा पोट्टे तिच्या मांगं तेलंगी तेलंगी करत. ते भिताडाकडं तोंड करून बसे. पंधरा दिवस पाटीवर रेघ नाई. मंग मास्तर घरी आले. म्हने, गोजरबाई, पोरगी बोट दाखवते अन् तुम्ही देता, मंग तिनं बोलाव काऊन? आजपासून नाव घेतल्याबिगर कोनतीच वस्तू द्याची नाई. डिप्टीसाहेबासमोर मुकी राह्यली तं पटावरून नाव जाईन. अन् तुहा बी कागद होता, मास्तर म्हनतीन तसं कर म्हून.

चिंतामण : लिहिलं होतं. इथल्या चार मुलींसारखी झाली पाहिजे, असंही लिहिलं होतं.

गोजरबाई : पयल्या दिवशी पानी धरलं. चैताचं ऊन होतं. सकायपासून माठाकडं बोट दाखवे अन् तिच्या बोलीत काय म्हने ते...

चिंतामण : नीळ्ळु.

गोजरबाई : हाव. नीळ्ळु, नीळ्ळु. मी माठासमोर बसून. म्हनलं, पानी म्हन, मंग देतो. दुपार टयली. ओठ वाळले तिचे. पदर ओढला, पाय धरले, मंग चावली. हे मनगट पाय, तिच्या दाताचा वन हाय अजून. म्या बी दिवसभर पानी नाई पेलं, तिच्यासंगं. दिवे लागनीले म्हनली एकदाची. तांब्या तोंडाले लावला तं दात वाजत होते त्याच्यावर.

चिंतामण : दिवसभर? सहा वर्षांची पोर, बाई!

गोजरबाई : दिवसभर. मंग दुसऱ्या दिवशी भाकर. मंग गोधडी. एकेक दिवस एकेक वस्तू. शायेत बाहेर जाऊ का म्हनता नाई आलं, तं मास्तरानं उठू नाई देल्लं. साऱ्या पोट्ट्याईसमोर झालं तिचं. ओला परकर मुठीत धरून घरी आली. तवापासून तिकडचा एक शबुद नाई तिच्या तोंडात.

चिंतामण : मला कुणी एका अक्षरानं कळवलं नाही.

गोजरबाई : मले लिवता येते काय, चिंतामन? कागद मास्तरच लिवत.

चिंतामण : प्रगती उत्तम आहे. दर पत्रात तेच.

गोजरबाई : खोटं नव्हतं ना ते. सारं येते तिले. ... पुसाच्या महिन्यात ताप भरला. तीन दिवस तापात अम्मा अम्मा करे. म्या मास्तराले म्हनलं, आता तं ओ देऊ द्या. ते म्हने, आता ढिले पडले तं साऱ्या मेहनतीवर बोळा फिरन. म्हून म्या ओ नाई देल्ली. तिच्या उशापाशी बसली होती मी, हात हातात होता, अन् ओ नाई देल्ली. माह्या पोटी लेकरू नाई. देवानं एक आनून देल्लं, तं म्या हे केलं.

चिंतामण : तू माझंच ऐकलंस. तुझा दोष नाही.

गोजरबाई : तुहं नाव पुढं करून मी सुटत नाई. पानी माह्या हातात होतं. ताप उतरल्यावर डोये उघडून म्हने, आत्या, पाणी. साफ, मास्तरावानी. तवापासून कोनाच्या गळ्यात पडत नाई, रडत नाई, हट्ट नाई. वस्तूचं नाव घेते, वस्तू घेते. सारं गाव म्हंते, केवढी शहानी पोरगी. मले भेव वाटते तिचं. अन् तू म्हातारीले चार दिवसांची वाट तुडवत आनलं, अम्मा म्हन म्हनाले.

(शाळेची घंटा. पोरांचा गलका जवळ येतो.)

मल्लक्का : चिन्नी! चिन्नी तल्ली!

चिंतामण : शारदा, ये बाळ. बघ कोण आलंय.

गोजरबाई : दफ्तर ठेव, बेटा. जाय तिच्यापाशी. आज काईच नाई म्हनत मी. काई बी बोल, कसं बी बोल.

चिंतामण : थांब, बाई. ढकलू नको तिला. ... म्हातारी तोंडावरून हात फिरवतेय, बघ. पोर मागे सरली नाही.

शारदा : अम्मा.

गोजरबाई : ऐकलं? चिंतामन, अम्मा म्हनली! अम्मा म्हनली रे ते!

मल्लक्का : ना तल्ली! ना चिन्नी! ... नीळ्ळु, तल्ली. कोंचेम नीळ्ळु.

चिंतामण : थोडं पाणी दे म्हणते. तू नको उठू, बाई. समजलंय तिला. माठाकडेच गेली.

गोजरबाई : भर बेटा, पुरा भर. दोन्ही हातांनी धर. जाय, ने तिले.

चिंतामण : का थांबलीस, शारदा? तांब्या पाठीमागे का धरलास? तिनं हात पुढे केलाय, दे ना.

शारदा : आधी नाव घ्यायचं.

गोजरबाई : नाई वं माय! तिले नाई. तिले तसंच दे. मी सांगतो ना, तसंच दे!

शारदा : अम्मा, हे पाणी आहे. पाणी म्हण. रडू नको, रडलं की उशीर होते. लवकर म्हण ना, अम्मा, म्हणजे दिवे लागायच्या आधी भेटते.