ब्रेकमधली हवा

इंग्लंडमध्ये डर्बीजवळच्या वाहन तपासणी केंद्रात मी माझ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर नेव्हिल आणि हिलरी हे सत्तरीतलं जोडपं चहा घेत होतं. त्यांची जुनी, हिरवी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार आत तपासली जात होती.

"आज तिसऱ्यांदा नापास झाली, तर गाडी क्लाइव्हची," नेव्हिल म्हणाला. "मी शब्द देऊन बसलोय."

"शेजाऱ्याला शब्द देताना मला विचारलं होतंस?"

"अगं, दोनदा ब्रेक ऑइल बदललं, तरी पेडल मऊच!"

"नळीत हवा राहत होती, नेव्हिल. तीस वर्षं पेडल मी दाबतेय. तू खालून 'सोड' म्हणून ओरडायचास आणि मग हवा काढायचा स्क्रू आवळायचास. आधी आवळायचा, मग सोडायचं. नाहीतर हवा परत आत जाते."

"मग बोलली का नाहीस?"

"दर वेळी बोलले. गाडीखाली तुला ऐकू येत नाही."

"म्हणून या वेळी मला वर बसवून स्वतः खाली घुसलीस होय!"

"तुझे गुडघे दुखत होते ना?"

"हे आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात सांगू नकोस हं."

तेवढ्यात तपासनीस हात पुसत बाहेर आला.

"हिरवी गाडी कुणाची? पास! ब्रेक अगदी नव्यासारखे. कुठल्या गॅरेजात केले?"

"आमच्या घरच्या." नेव्हिलने त्याच्याकडून किल्ली घेतली. "हिने केले. हिने! मी नुसतं पेडल दाबत होतो."

"आता किल्ली इकडे दे, नेव्हिल."

"घे. पण क्लाइव्हच्या घरावरून चल, आणि त्याच्या फाटकासमोर कचकन ब्रेक लाव."