ट्रॅक्टरच्या लायसनवर टोइंग

त्या टोइंगवाल्या गजूच्या हुशारीचं कौतुक मले सांगू नका, हातातला चहा कडू लागते. मागं जाम गावाजवळ माझी कार बंद पडली, तं याले बोलावलं. हा भला मोठा ट्रक घेऊन आला अन् कार मागं अडकवली. मी विचारलं, "गजू, हेवीचं लायसन आहे ना बाप्पा?"

"ट्रॅक्टरचं आहे ना भाऊ! हर सीझनले कापसानं भरलेली ट्रॉली ओढतो. तुमची कार तं रिकामी आहे."

जामच्या चौकात पोलिसानं हात दाखवला. या शहाण्यानं त्यालेही छाती फुगवून तेच ट्रॉलीचं पुराण सांगितलं! पोलिसानं सारं ऐकून घेतलं अन् ट्रकची चावी खिशात टाकली. म्हणे, "आता तू या ट्रकले हात लावायचा नाई. दुसऱ्या गाडीनं ओढून ठाण्यात आणजो."

गजूचं तोंड एवढंसं झालं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणते, "भाऊ, तुमच्या ओळखीचा कोणी टोइंगवाला आहे का?"

मी म्हटलं, "आहे ना एक. पण त्याच्यापाशी लायसन आहे. तुले चालंल का?"