डाळमिलचा अडलेला सर्व्हर

निलंग्याच्या स्टँडवर लातूरच्या गाडीआधी दुसऱ्याची भानगड येऊन लागते. रांगेत पुढच्या पोराचा फोन स्पीकरवर होता, अन् मागं उभ्या नागुबाईंचे कान रिकामेच होते.

“धम्मानंद, सर्व्हरचं अपग्रेड अडकलंय ते अडकलंयच. आपल्या डाळमिलची एक पावती निघंना.”

“त्याच्यापायीच काल तुम्ही मला कामावरून काढलं ना, आप्पा?”

“मग? तूच लावलं होतंस.”

“लावून जेवायला गेलो. मधी लॅपटॉप कुणी बंद केला?”

“म्या. राहुकाळ लागला होता.”

“सर्व्हर क्लाऊडवर हाय आप्पा, त्याला कुठला राहुकाळ? त्यानं एक प्रश्न विचारलाय, अन् कालपासून उत्तराची वाट बघून राहिलाय.”

“तुझ्या खुर्चीवर आता आमचे जावईबापू बसलेत. त्यांना सांग.”

“जावईबापू, सर्व्हरला परत जोडा, थांबलेला पडदा उघडा. जुनी सेटिंग ठेवू का, असं विचारलंय?”

“हाव, विचारलंय!”

“ठेव म्हणा.”

“आरं, पळायलं की पुढं!”

“म्हंजे चूक माझी नव्हती, आप्पा. उद्या येऊ का कामावर?”

फोनमधून आप्पांचा आवाज जरा लांबून आला.

“बघा जावईबापू, तुमचा हात लागला अन् सुरू झालं.”